झाडांच्या छाटणीचा व्यवसाय आणि लिंकांची देवाणघेवाण : करावी की नाही?

झाडकरी

मंडळी, जरा सविस्तर विचारतोय. पैसे आणि वेळ घालायच्या आधी खात्री करून घ्यायची आहे.

आमचा पुण्यात झाडांच्या निगेचा व्यवसाय आहे. सोसायट्यांतल्या मोठ्या झाडांची छाटणी, धोकादायक फांद्या उतरवणं, वाळलेलं झाड वरून तुकड्या-तुकड्यानं खाली घेणं, अधूनमधून पुनर्रोपण. दोर, हार्नेस, चेनसॉ, पोल सॉ सगळं स्वतःचं, आणि शिकवून तयार केलेली माणसं. वेबसाइट मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहे. बरीचशी कामं तोंडी शिफारशीवर येतात. पण मार्च ते मे, म्हणजे पावसाच्या आधी, लोक गूगलवर शोधायला लागतात आणि तिथे आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतो.

सध्या मेल आणि व्हॉट्सॅपवर सारखे निरोप येताहेत : तुमची लिंक आम्ही लावतो, आमची तुम्ही लावा. हैदराबादचे आहेत, इंदूरचे आहेत, शिवाय टेक्सास-फ्लोरिडातल्या झाडं उतरवणाऱ्या कंपन्यांच्या नावानंही येतात. एक ग्रुपच आहे, त्यात प्रत्येक जण आपल्या साइटचा पत्ता आणि 'डीए' (साइटचं वजन सांगणारा एक आकडा) टाकतो आणि जोड्या लावल्या जातात. वेबसाइट सांभाळणारा मुलगा म्हणतो, 'आमचे सहयोगी' असं एक पान करू, चाळीसेक लिंका टाकू, तेवढ्याच समोरून येतील, पावसाळ्याच्या आत पहिल्या पानावर.

यानं खरंच फरक पडतो का? गूगल शिक्षा करतं म्हणतात ती कितपत खरी? आणि हे नाही करायचं तर आमच्यासारख्या स्थानिक धंद्यानं काय करावं? स्वतः अनुभव घेतलेल्यांनी लिहिलंत तर फार उपयोग होईल.

रोपवाटिका

वाचनखूण साठवली. आम्हालाही अगदी हेच मेसेज येतात. परवा तर एका दातांच्या दवाखान्याकडून आला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

क्रॉलर

हे माझं रोजचं काम आहे, म्हणून थोडं मुळापासून लिहितो.

लिंकांना एवढं महत्त्व का आलं? १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल काढलं ते स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंधांत जितका जास्त, आणि उल्लेख करणारे निबंध जितके वजनदार, तितकं त्याचं महत्त्व, हा हिशोब त्यांनी वेबपानांना लावला. पेजरँक तो हाच. साहजिकच लोकांनी लिंका विकत घ्यायला, अदलाबदल करायला सुरुवात केली. एके काळी प्रत्येक साइटवर 'आमचे मित्र' नावाचं पान असायचं आणि त्यानं साइट खरोखर वर यायची. तुमच्या मुलानं जे ऐकलंय ते पूर्वी खरं होतं.

२४ एप्रिल २०१२ ला गूगलनं पेंग्विन नावाचा बदल आणला आणि अशा लिंकांवर उभ्या असलेल्या साइट्स एका झटक्यात खाली गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नको असलेल्या लिंका नाकारण्याचं साधन आलं. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य गणितातच मिसळला, आणि बहुतेक वेळा अशा लिंकांसाठी पूर्ण साइट खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकाच शून्य धरल्या जाऊ लागल्या. डिसेंबर २०२२ च्या बदलानंतर हे काम स्पॅमब्रेन नावाची यंत्रणा करते.

म्हणजे चाळीस लिंकांच्या पानाचं सगळ्यात संभाव्य फळ आहे काहीच न होणं. महिनाभर मेल लिहीत बसाल, चाळीस परक्या साइट्सना आपल्या पानावर जागा द्याल आणि शोधातला क्रमांक तिथेच राहील. त्याहून वाईट म्हणजे माणसानं तपासून केलेली कारवाई, मॅन्युअल अॅक्शन. ती झाली की सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगलनं साइटमालकांना दिलेल्या साधनात, स्पष्ट दिसते, अंदाज बांधावा लागत नाही.

गूगलच्या धोरणात शब्द आहे 'अतिरेकी' देवाणघेवाण, आणि केवळ एकमेकांना लिंका देण्यासाठी बनवलेली सहयोगी पानं. तुमचं 'आमचे सहयोगी' पान त्यात शब्दशः बसतं. दोन ओळखीच्या व्यावसायिकांनी एकमेकांचा उल्लेख करणं त्यात येत नाही.

रोखठोक

क्रॉलरसाहेब, पुस्तकी उत्तर झालं. माझा घरसामान हलवण्याचा व्यवसाय आहे ठाण्यात. माझ्या वर जे तीन जण बसलेत त्यांच्या लिंका मी साधन लावून तपासल्या. सगळ्या देवाणघेवाणीच्या. सुरतच्या फरशीवाल्यापासून गुवाहाटीच्या ब्युटी पार्लरपर्यंत. कुठे झाली शिक्षा? धोरणं पाळणारे तिसऱ्या पानावर आणि न पाळणारे पहिल्या, हे मी रोज बघतो. झाडकरी, पाऊस कोणासाठी थांबत नाही. करून टाका.

अवलिया

रोखठोक यांच्याशी सहमत. बाजारात उतरायचं तर बाजाराच्या रीतीनं.

क्रॉलर

रोखठोक, ते तिघं वर आहेत हे खरं, त्यांच्या लिंका तशा आहेत हेही खरं. पण ते लिंकांमुळे वर आहेत हे कशावरून? तुम्ही ठाण्यातून शोधता तेव्हा सगळ्यात वर नकाशा आणि त्याखाली तीन नावं येतात, बरोबर? त्या तीन नावांचं गणित वेगळं आहे. गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं : शोधाशी जुळणी, अंतर आणि ख्याती. अंतरावर कुणाचा इलाज नाही. जुळणी म्हणजे बिझनेस प्रोफाइलमध्ये (गूगलवरच्या आपल्या धंद्याच्या नोंदीत) प्रवर्ग बरोबर निवडलाय का, सेवा नीट लिहिल्यात का. ख्यातीत लिंका येतात, पण गिऱ्हाइकांची परीक्षणंही (रिव्ह्यू) येतात. त्या तिघांची परीक्षणं किती आणि तुमची किती, एवढं बघून सांगाल का?

रोखठोक

त्यांची कितीतरी जास्त आहेत, मान्य. पण त्यातली निम्मी बनावट असणार.

क्रॉलर

असतीलही. तरी तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकांना सामान पोचल्या पोचल्या लिंक पाठवून दोन ओळी मागणं तुमच्या हातात आहे. सवलतीच्या बदल्यात मात्र मागू नका, तेही धोरणाबाहेर आहे.

न्यूजर्सीकर

झाडकरी, तुम्हाला टेक्सास-फ्लोरिडातून निरोप का येतात ते इथून सांगता येईल.

अमेरिकेत झाडांची निगा हा मोठा आणि अतिशय स्थानिक धंदा आहे. लाकडी घरं, अंगणात साठ-सत्तर फुटी ओक नाहीतर मेपल, आणि वादळात फांदी छपरावर पडली की लोक पहिल्यांदा फोन हातात घेऊन शोधतात. एकेका कामाचे हजारो डॉलर होतात. त्यामुळे पहिल्या तीन नावांत येण्यासाठी जिवाचा आटापिटा चालतो. त्यातून युक्ती निघाली : अॅरिझोनाचा झाडवाला आणि ओहायोचा झाडवाला एकमेकांचे स्पर्धक नाहीत, विषय मात्र एकच, म्हणून लिंका बदलायला सोयीचे. कुणी शहाण्यानं पुढची पायरी काढली की अ नं ब ला, ब नं क ला, क नं अ ला द्यायची, म्हणजे थेट अदलाबदल दिसत नाही. गूगलला अख्खं जाळं दिसत असतं, त्यामुळे त्रिकोणानं काही झाकलं जात नाही. आता या साखळ्यांना इथल्या साइट्स पुरेनात म्हणून भारतातल्या साइट्सकडे वळलेत.

मुद्दा असा की माझ्या गावात कुणालाही अॅरिझोनाच्या झाडवाल्याची गरज नाही. त्या लिंकवर माणूस टिचकी मारणार नाही.

याउलट इथल्या चांगल्या कंपन्यांना कुठून लिंका मिळतात ते बघा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर परीक्षा घेऊन प्रमाणित आर्बोरिस्ट (झाडांच्या निगेचा तज्ज्ञ) ही पदवी देते आणि तिच्या साइटवर गावानुसार आर्बोरिस्ट शोधता येतो. ट्री केअर इंडस्ट्री असोसिएशन कंपन्यांना मान्यता देते. आमच्या घरामागचा ओक दाखवायला मी माणूस शोधला तो त्या यादीतून. आला, खोडाला रबरी हातोडीनं ठोकून आवाज ऐकला, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांचा फुगवटा पाहिला आणि म्हणाला, झाड ठणठणीत आहे, पैसे वाचवा. त्या माणसाचं नाव मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. त्याला पुढे मंडळातूनच कामं मिळाली.

चिंतामणराव

हे ऐकून मला आमच्या घरची आहेराची वही आठवली. कुणी पाचशेएक दिले, आपण किती द्यायचे, सगळा हिशोब जुळलेला, आणि शेवटी दोन्ही घरी जेवढे होते तेवढेच राहिले. 😀

रोपवाटिका

चिंतामणराव, हे भारी! 😂

हिरवाई

धागा वेबसाइटचा आहे हे कळतंय, तरी राहवत नाही म्हणून लिहिते. 'छाटणी'च्या नावाखाली आमच्या रस्त्यावरच्या सोनमोहराचा अक्षरशः खांब करून ठेवला. वरचा सगळा विस्तार उडवला, चार ठुंठं उभी. त्या झाडावर दर वर्षी कावळ्याचं घरटं असायचं. अशी कामं करणारे गूगलवर पहिले आले काय आणि शेवटचे आले काय. कायदा आहे ना? की तो फक्त कागदावर?

वकिलीबाणा

अवांतर पण महत्त्वाचं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे. त्याखाली शहरांत वृक्ष प्राधिकरण असतं, आणि झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडायचं असेल तर त्यावर नोटीस लावून हरकती मागवल्या जातात. हिरवाई, तुमच्या रस्त्यावर असं काही पुन्हा दिसलं तर कामाच्या वेळीच परवानगीपत्र दाखवायला सांगा आणि फोटो काढून उद्यान विभागाकडे तक्रार द्या. नंतर फारसं हाती लागत नाही.

झाडकरी

हिरवाई, तुमचा राग योग्य आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्याच कामाला लोक छाटणी म्हणतात आणि आमच्याकडूनही तसंच मागतात. "एकदाच सगळं साफ करा, पाच वर्षं कटकट नको." असं डोकं उडवलेलं झाड घाबरून भराभर धुमारे फोडतं. ते धुमारे वरवर चिकटलेले असतात, जोराच्या वाऱ्यात तेच आधी तुटतात. म्हणजे धोका कमी करायला गेलं आणि दोन-तीन वर्षांनी वाढलेला.

फांदी कशी काढायची ते सांगतो. जाड फांदी खोडाला जिथे मिळते तिथे बारकाईनं पाहिलंत तर सालीला सुरकुत्या आणि एक फुगीर कडं दिसेल. काप त्या कड्याच्या बाहेरून घ्यायचा, कडं खोडाला राहू द्यायचं, खुंटी मात्र ठेवायची नाही. त्याआधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा. फांदी तिथे तुटते आणि साल खालपर्यंत सोलली जात नाही. शेवटी उरलेला तुकडा कड्याशी नीट उतरवायचा. नीट घेतलेल्या कापाभोवती झाड गोल कडा चढवत चढवत स्वतःच तोंड बंद करतं. डांबर, रंग फासायची गरज नाही.

न्यूजर्सीकर

झाडकरी, क्या बात है. अमेरिकी वनखात्यातले अॅलेक्स शायगो यांनी चेनसॉनं झाडं उभी चिरून हेच दाखवलं होतं : झाड जखम भरून काढत नाही, तिला आतून भिंती घालून कोंडतं. कड्याच्या आत काप गेला की ती भिंत घालणारा भागच निघून जातो.

आणि तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते तुमच्या साइटवर आहे का? नसेल तर का नाही?

हिरवाई

झाडकरी, मनापासून आभार. हे आमच्या नगरसेवकांना पाठवते. साइटवर टाकलंत तर लिंकच पाठवेन.

क्रॉलर

हिरवाई, तुमच्या शेवटच्या वाक्यात या धाग्याचं अर्धं उत्तर आहे. झाडकरी, बघा, लिंक अशी मागितली जाते.

माडाचो_सोबती

आमच्या गोव्यात नारळ काढणाऱ्या पाडेलीला वेबसाइट कसली, फोन लागला तरी नशीब! ज्याच्याकडे पाडेलीचा नंबर, त्याला गावात मान. तो नंबर कुणी कुणाशी बदलत नाही. 😀

जाता जाता एक सांगतो : आमच्याकडचा झाडांचा कायदा १९८४ चा. २०१६ मध्ये माडाला त्यातून वगळलं, कारण काय तर शास्त्रानुसार माड झाडात बसत नाही. लोकांनी जोरदार विरोध केला. पुढच्याच वर्षी माड कायद्यात परत आला आणि राज्यवृक्षही झाला.

कोकणस्थ_नसलेला

माड झाड नाही म्हणणाऱ्याला एकदा वर चढवायला हवं होतं.

सोसायटी_सचिव

मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं लिहिते. आमच्या सोसायटीत एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे, पार्किंगवर झुकलेला. मागच्या उन्हाळ्यात एक फांदी गाडीवर पडली आणि कमिटीत भांडणं सुरू झाली. एक गट म्हणे तोडा, दुसरा म्हणे हात लावू नका. माझ्यावर माणूस शोधायची जबाबदारी आली.

मी गूगलवर 'झाड तोडणारे' असं शोधलंच नाही. मी शोधलं 'सोसायटीतील झाडाच्या फांद्या छाटायला परवानगी कशी घ्यावी'. जे सापडलं त्यात अर्धं इंग्रजीत, अर्धं इतकं सरकारी भाषेत की कळेना. जी छाटणीवाली मंडळी सापडली त्यांच्या साइटवर चकचकीत फोटो, ते परदेशातले, बर्फ दिसतोय मागे! खाली पंचवीस शहरांची नावं. एकाच्या साइटवर 'आमचे भागीदार' असं पान होतं, त्यात कुठल्याशा कर्ज देणाऱ्या कंपनीची आणि ज्योतिषाची लिंक. मी ते बघून साइट बंद केली. ज्याच्या हाती करवत देऊन माणसं माडीएवढ्या उंचीवर चढवायची, त्याच्यावर विश्वास बसायला हवा ना.

शेवटी आमची बाग करणाऱ्या लँडस्केप आर्किटेक्ट बाईंना विचारलं. त्यांनी एका छाटणीवाल्याचं नाव दिलं आणि काम त्यालाच गेलं.

क्रॉलर

सचिवबाई, सोन्यासारखा प्रतिसाद आहे हा. यातून मला दिसणारा मार्ग असा. मराठीत परवानगीचं एक पान : कुठे अर्ज, काय जोडायचं, छाटणी आणि तोडणी यांत फरक काय, वारसा वृक्ष असेल तर काय. दुसरं पान कापाचं, वर झाडकरींनी लिहिलंय तेच, स्वतःच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोंसकट. ही दोन पानं सोसायट्यांचे ग्रुप, वास्तुविशारद, रोपवाटिका, पर्यावरणवाले आपणहून पुढे पाठवतील.

आणि त्या लँडस्केप आर्किटेक्ट बाईंसारखी माणसं, त्यांच्याशी लिंक जरूर बदला. गूगलनं पूर्वी स्वतःच एक कसोटी दिली होती : सर्च इंजिनं नसतीच तरी मी हे केलं असतं का? बाईंनी त्यांच्या साइटवर 'मोठ्या झाडांसाठी आम्ही यांना बोलावतो' लिहिलं, तुम्ही 'बागेच्या आराखड्यासाठी यांच्याकडे जा' लिहिलं, तर उत्तर हो आहे. हीसुद्धा देवाणघेवाणच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रोखठोक

हे पटलं. पण मग सीमारेषा कुठे? पाच ठीक, पन्नास वाईट? आणि तो 'डीए' चांगला असेल तरीही नको का?

क्रॉलर

आकड्यात सीमा कुणी दिलेली नाही. पण डीएबद्दल स्पष्ट सांगतो : डीए हा मॉझ या कंपनीनं आपल्या हिशोबानं काढलेला १ ते १०० मधला आकडा आहे. गूगल तो वापरत नाही. गूगलचा स्वतःचा पेजरँकचा आकडा पूर्वी टूलबारमध्ये दिसायचा, तोही २०१६ मध्ये बंद केला. ग्रुपमध्ये डीएच्या जोड्या लावणारे दुसऱ्याच कुणाच्या फूटपट्टीनं मोजताहेत, आणि तो आकडा फुगवून देण्याचा धंदाही जोरात आहे.

आणखी एक. अशा सौद्यात समोरचा तुम्हाला लिंक देतो, पण तिच्यावर नोफॉलोचा शेरा मारून ठेवतो. २००५ पासून हा शेरा आहे. वाचकाला लिंक दिसते, गूगलला मात्र 'याची हमी माझ्याकडे नाही' असं सांगितलं जातं. पैसे देऊन लावलेल्या लिंकांसाठी २०१९ मध्ये वेगळा शेराही आला. काही जण तर महिन्याभरानं लिंक काढूनच टाकतात. माझ्याकडे एका कीटकनियंत्रणवाल्यांचं काम आलं होतं. आधीच्या एजन्सीनं त्यांच्यासाठी असं पान केलेलं, आणि सर्च कन्सोलमध्ये 'अनैसर्गिक लिंका' असा इशारा येऊन पडलेला. आम्ही ते पान उघडलं तर त्यांच्याकडून जाणाऱ्या लिंका सगळ्या शाबूत, परतीच्या निम्म्याहून जास्त गायब. ते पान काढलं, उरलेल्या साइट्सना मेल केले, ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या लिंका नाकारल्या, मग फेरतपासणीचा अर्ज. इशारा उठला, पण त्या काळात ऐन हंगाम गेला.

न्यूजर्सीकर

मोठी कंपनी असली तरी सुटका नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये इंटरफ्लोरा ही फुलं पोचवणारी कंपनी गूगलवरून गायब झाली होती, अगदी तिच्या स्वतःच्या नावानं शोधलं तरी दिसेना. प्रादेशिक वर्तमानपत्रांच्या साइट्सवर पैसे देऊन लावलेले लेख आणि त्यातल्या लिंका हे कारण बोललं गेलं. तिथला मदर्स डे बहुतेक मार्चमध्ये असतो. त्याआधी सफाई करून परत आली, कारण तिच्याकडे सफाई करायला माणसं होती. छोट्या व्यावसायिकाला तेवढं बळ कुठून आणणार.

अवलिया

माझं मत बदललं. ग्रुप सोडला आत्ताच.

रोखठोक

मी सोडलेला नाही, पण नवीन लिंका थांबवतो आणि परीक्षणं मागायला लागतो. तीन महिन्यांनी इथेच येऊन सांगेन काय झालं ते. नाही फरक पडला तर क्रॉलरना जाब विचारेन.

क्रॉलर

जरूर विचारा. प्रोफाइलमध्ये 'ठाणे' सोडून भलतीच शहरं टाकली असतील तर तीही काढा.

झाडकरी

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. 'आमचे सहयोगी' पान करायचं नाही असं ठरवलं. मुलाशी बोललो, त्यालाही पटलं, आणि तो आता परवानगीच्या पानाच्या मागे लागलाय. बिझनेस प्रोफाइलमध्ये आमचा प्रवर्ग नुसता 'बागकाम' होता, तो झाडांच्या सेवेचा केला. आमचं दुकान नाही, घरचा पत्ता होता, तो लपवून सेवा देण्याचे भाग भरले.

मूळ प्रश्नाचं थोडं शिल्लक आहे. एका रोपवाटिकेशी आणि एका वास्तुविशारदांशी आमचे कामाचे संबंध आहेत. शिवाय नाशिकला मामेभाऊ द्राक्षबागांच्या छाटणीची कामं घेतो, त्याचीही साइट आहे. या तिघांशी लिंका बदलल्या तर कोणत्या शब्दांवर लिंक लावायची? मुलगा म्हणतो, 'पुण्यातील सर्वोत्तम वृक्षछाटणी सेवा' या शब्दांवर लावायला सांगा.

क्रॉलर

तिघांशीही बदला. शब्द त्यांचे त्यांना लिहू द्या. तिन्हीकडे तेच 'सर्वोत्तम' शब्द दिसले की ते ठरवून लावलेलं दिसतं, आणि वाचणाऱ्यालाही खोटं वाटतं. तुमच्या फर्मचं साधं नाव पुरे. मामेभावाच्या साइटवर, तो द्राक्षाची छाटणी करतो आणि पुण्यात मोठ्या झाडांचं काम तुम्ही करता, असं एक वाक्य असेल तर फारच छान. तळाशी प्रत्येक पानावर मात्र लिंक चिकटवू नका, एकाच योग्य पानावर असू द्या.

रोपवाटिका

झाडकरी, आम्हीही पुण्यातच आहोत, व्यक्तिगत निरोप पाठवते. पुनर्रोपणाबद्दल गिऱ्हाइकं विचारतात, आम्ही ते काम करत नाही. तुमचं काम एकदा प्रत्यक्ष बघून मगच लिंक लावेन, चालेल ना?

झाडकरी

चालेल काय, हेच हवंय. पुढच्या आठवड्यात एका सोसायटीत वडाचं काम आहे, परवानगी झालेली आहे, तिथे या.

सचिवबाई, एक विनंती. परवानगीच्या पानासाठी विचारतो, तुमच्या वेळी सोसायटीकडून नेमकं काय काय मागितलं होतं?

सोसायटी_सचिव

सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, कमिटीच्या ठरावाची प्रत, झाडाचे चार बाजूंनी फोटो आणि आवारात झाड कुठे आहे ते दाखवणारा साधा नकाशा. मग निरीक्षक येऊन बघून गेले. आमचा अर्ज एकदा परत आला होता, कारण त्यात 'झाड काढणे' लिहिलेलं होतं आणि आम्हाला हव्या होत्या फक्त दोन फांद्या. ते तुमच्या पानावर ठळक लिहा : कोणत्या बाजूच्या, किती फांद्या, आणि फोटोवर खुणा करून. पर्जन्यवृक्षाची पुढची छाटणी यंदा फेब्रुवारीतच करून घ्यायची म्हणतेय, म्हणून अर्ज आताच टाकते.